कोईचं तळं: संक्रांत ते गुढीपाडवा
(पुणे, नाशिक आणि घाटावरच्या उघड्या तळ्यांत कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, पाळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

होळीत थंडी जळते असं आपण म्हणतो, पण तळ्याचं पाणी त्याआधीच तापू लागतं. जानेवारीत सकाळी १५-१७ अंशांवर असलेलं पाणी मार्चअखेर २५ च्या आसपास पोचतं. माशांना हा बदल लगेच कळतो. भूक उघडते, माणूस दिसला की सगळे काठाशी गोळा होतात. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू मात्र थंडीत मंदावलेले असतात आणि त्यांची संख्या वाढायला काही आठवडे लागतात. माशांची भूक पुढे आणि फिल्टर मागे, या अंतरातच वसंतातली बहुतेक दुखणी सुरू होतात. मुंबई-कोकणात पाणी फारसं उतरत नाही, त्यामुळे तिथे हा ताण कमी असतो.

आधी तळ्याचे लिटर काढा

लांबी × रुंदी × खोली फुटांत मोजा आणि २८.३ ने गुणा. १० × ८ × ४ फुटांचं तळं म्हणजे सुमारे ९००० लिटर. मीठ, सोडा, औषध सगळं या आकड्यावर ठरतं, तेव्हा अंदाज नको. थर्मामीटर फूटभर खोल सोडा आणि सकाळी आठच्या सुमारास वाचा. दुपारचा आकडा फसवा असतो, कारण वरचं पाणी उन्हाने तापतं आणि रात्री पुन्हा उतरतं.

खाद्य

कोईला खरं जठर नसतं. एकदम भरपूर घातलेलं खाद्य अर्धवट पचून बाहेर पडतं आणि त्याचा भार पाण्यावर येतो. म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा घाला.

सकाळचं पाणी १५ अंशांखाली असेल तर गव्हाच्या अंकुराचं (व्हीट जर्म) हलकं खाद्य दिवसाआड, तेही दुपारी. १५ ते २० अंशांत रोज माशांच्या एकूण वजनाच्या अर्धा टक्का. सलग आठवडाभर सकाळी २० च्या वर राहिलं की एक टक्का, दोन-तीन वेळांत विभागून. ४० टक्के प्रथिनांचं वाढीचं खाद्य तेव्हाच सुरू करा, आणि तेही अमोनिया शून्य असेल तरच. ४० सेंटिमीटरचा मासा साधारण एक किलोचा धरा, म्हणजे असे दहा मासे असतील तर दिवसाला १०० ग्रॅम.

ही १०० ग्रॅमची चैन केवढ्याला पडते तेही पाहा. ४० टक्के प्रथिनांच्या एवढ्या खाद्यातून साधारण साडेतीन ते चार ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. ९००० लिटरमध्ये तो रोज लिटरमागे ०.४ मिलीग्रॅम भरतो. फिल्टर जागा असेल तर कळतही नाही. झोपलेला असेल तर तीन दिवसांत मासे अंग घासू लागतात.

अमोनिया, पीएच आणि सोडा

टेस्ट किटवरचा अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा) ८ असताना त्यातला विषारी भाग १८ अंशांना साधारण ३.३ टक्के असतो, २८ अंशांना तो साडेसहा टक्के होतो. पाणी हिरवं असेल तर दुपारी पीएच ९ कडे सरकतो आणि तेव्हा हा विषारी भाग २८ अंशांना चाळीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणून पीएच सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा.

फिल्टरचे जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात. केएच (या क्षारतेचं माप) लिटरमागे १०० मिलीग्रॅमच्या खाली गेलं की पीएच ढासळण्याची भीती असते. दर १००० लिटरला ५० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच साधारण ३० ने वाढतं. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालणार नाही. अमोनिया आधीच वाढला असेल तर पहिल्यांदा पाणी बदला, सोडा नंतर, कारण सोड्याने पीएच चढला तर तोच अमोनिया जास्त घातक होतो.

या काळात आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावं. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी नव्या पाण्याच्या दर १००० लिटरला १० ग्रॅम हायपो (क्लोरिन मारणारं सोडियम थायोसल्फेट) विरघळवून पाणी सोडण्याआधी तळ्यात घाला. टँकरच्या पाण्यातलं क्लोरिन मात्र आधी मोजून घ्या, कधी कधी ते फार तीव्र असतं. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ते रात्रभर टाकीत हवा देऊनच वापरा.

फिल्टर आणि गाळ

आपल्याकडे पानगळही नेमकी याच दिवसांत येते. तळाशी कुजणारी पानं ऑक्सिजन खातात, म्हणून जाळी घाला आणि गाळ थोडा थोडा उपसा. एका दिवसात सगळा गाळ ढवळू नका, त्यात अडकलेले विषारी वायू मोकळे होतात. बायोमीडिया (फिल्टरमधला जिवाणू राहतात तो भराव) तळ्याच्याच पाण्यात विसळा, तोही एका वेळी अर्धाच. नळाखाली धुतलात तर उरलेसुरले जिवाणूही जातात. एअर पंप रात्री बंद करू नका, कारण पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो.

मासे काय सांगतात

सगळे मासे एकाच वेळी बिघडले तर दोष पाण्यात असतो, एक-दोनच बिघडले तर रोग किंवा परजीवी शोधा. पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून उभे असतील तर आधी हवा वाढवा. पर आवळलेले, मासा एकटा कोपऱ्यात, अंगावर दुधी थर, परांवर लाल रेषा ही लक्षणं दिसली तर पाणी तपासून आम्हाला कळवा. सूक्ष्मदर्शकाखाली माशाच्या अंगावरचा चिकट थर पाहिल्याशिवाय औषध ठरवणं आम्हाला पटत नाही. "खबरदारी म्हणून" टाकलेल्या औषधाने कल्ले आणि फिल्टर दोन्ही भाजतात.

टेस्ट किटवर नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं विष) दिसलं तर मिठाचा उपयोग खात्रीचा आहे. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत जाऊ देत नाही. दर १००० लिटरला एक किलो खडे मीठ बादलीत विरघळवून घाला. त्याहून जास्त लागलंच तर तीन दिवसांत मिळून दर १००० लिटरला तीन किलोपर्यंत. कमळं असतील तर ती आधी बाहेर काढा, आणि झिओलाइटच्या (अमोनिया शोषणाऱ्या खड्यांच्या) पिशव्याही, नाहीतर त्यांनी शोषलेला अमोनिया मिठामुळे पाण्यात परत येतो. मीठ वाफेबरोबर जात नाही. आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मासे अंडीही घालतात. नर मादीला रेटतात, खवले सुटतात, आणि उरलेली अंडी दोन-तीन दिवसांत कुजून अमोनिया वाढवतात. खरबरीत दगड काढा, नायलॉनच्या धाग्यांचे झुपके सोडा आणि अंडी चिकटली की ते उचला. त्या दिवशी खाद्य बंद.

नवे मासे

कोई हर्पीस विषाणू साधारण १६ ते २८ अंशांत आजार करतो, म्हणजे नेमका या मोसमात. त्यावर औषध नाही आणि वाचलेला मासाही तो पसरवू शकतो. नवा मासा किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत, २३-२५ अंशांत ठेवा. जाळं आणि बादलीही वेगळी. दुकानदार ओळखीचा असला तरी यात सूट नको.

पाणी किंवा मासा तपासून घ्यायला आमच्याकडे येताना

अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून त्याच दिवशी आणा. सोबत तळ्याचे लिटर, सकाळचं तापमान, माशांची संख्या, खाद्याचं नाव आणि गेल्या पंधरवड्यात काय काय घातलं ते लिहून आणा. आजारी मासा जिवंत असतानाच दाखवा. मेल्यावर काही वेळातच परजीवी अंगावरून निघून जातात आणि मग तपासून फारसं हाती लागत नाही.