लग्नाचा व्हिडिओ घरी नेताय? आधी हे वाचा

आमच्या व्हिडिओ स्टुडिओच्या काउंटरवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. फाइल एवढी मोठी का, टीव्हीवर का लागत नाही, आवाज आणि ओठ जुळत का नाहीत, आणि व्हॉट्सॅपवर पाठवलं की सगळा चिखल का होतो. सीझनमध्ये उभ्याउभ्या सांगताना निम्मंच सांगून होतं म्हणून हा कागद काढलाय, चहा घेता घेता वाचून होईल.

पहिली गोष्ट, व्हिडिओची फाइल ही एक सलग वस्तू नसतेच. एमपी4 म्हणजे नुसता डबा, आत चित्र वेगळं, आवाज वेगळा आणि कुठल्या क्षणाला काय दाखवायचं याची यादी तिसरी. बहुतेक तक्रारींचं मूळ यातच असतं.

आधी साइजचं बघू. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, 1920 गुणिले 1080, म्हणजे साधारण 20 लाख 74 हजार ठिपके, प्रत्येकाला रंगाचे 3 बाइट धरले तर एक फ्रेम 6.2 एमबी, आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम, तासाचे झाले जवळपास 560 जीबी. म्हणजे 32 जीबीचा पेनड्राइव्ह साडेतीन मिनिटांत फुल्ल, मंगलाष्टकंसुद्धा मावायची नाहीत. आम्ही जी फिल्म देतो ती तासाला 9 जीबीच्या आसपास असते, म्हणजे आधीच साठातला एक भाग करून दिलेली असते, त्यामुळे "जरा लहान करून द्या ना" म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

हे जमतं कसं? तर पूर्ण फ्रेम अधूनमधूनच साठवतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं. नवरी पाटावर शांत बसलीय, मागचं डेकोरेशन हलत नाही, मग बदल कितीसा असणार, अगदी थोड्या डेटात काम होतं. पण "शुभमंगल सावधान" झालं की चारी बाजूंनी अक्षता उडतात, हजारो दाणे, प्रत्येक आपापल्या दिशेला, वर कॅमेऱ्याचे फ्लॅश, आता आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखणं अवघड, म्हणून तिथे डेटा खूप लागतो आणि तो मिळाला नाही की चौकोन चौकोन दिसायला लागतात. अख्ख्या लग्नात कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइल आवळून लहान करण्याची, खरी परीक्षा याच क्षणाला असते, त्यामुळे आम्ही बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते, एकसारखा ठेवत नाही, तिथे मोकळा सोडतो आणि पंगतीच्या शॉट्समध्ये वाचवतो. स्वस्तात लहान फाइल करून देणारे हा फरक बघत नाहीत, अक्षतांचा सीन लावून बघा, लगेच कळेल.

आता टीव्ही. पेनड्राइव्हमध्ये जागा आहे तरी फाइल कॉपी होत नाही असं झालं तर पेनड्राइव्ह खराब नाही, तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर चालतच नाही. एक्सफॅट केला की काम होतं, पण जुने काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, अशा घरांसाठी आम्ही फिल्मचे 4 जीबीच्या आतले भाग पाडून देतो. आणि नुसता आवाज येतोय, स्क्रीन काळी, तर समजा डबा उघडला पण आतलं चित्र टीव्हीला वाचता येत नाहीये. एच.264 ही चित्र आवळून साठवायची पद्धत 2003 पासूनची, जवळपास कुठेही चालते, एच.265 ही 2013 ची, तेवढ्याच क्वालिटीला फाइल साधारण निम्मी होते पण जुना टीव्ही तोंड फिरवतो. म्हणून न विचारता आम्ही एच.264 देतो, 4के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, हवं असेल तर आधी टीव्हीचा मॉडेल नंबर सांगा.

ओठ आणि आवाज

लग्नात आमचे कॅमेरे दोन-तीन आणि भटजींच्या माइकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रत्येक मशीनचं घड्याळ स्वतःचं, आणि दोन घड्याळांत दहा लाखात 50 इतका जरी फरक असला तरी तासाभरात 180 मिलिसेकंदांचं (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) अंतर पडतं. सुरुवातीला टाळी वाजवून, हात एकमेकांवर आदळताना दिसतात तिथेच टाळीचा आवाज बसवून, सगळं जुळवलं तरी सप्तपदीपर्यंत आवाज सरकलेला असतो, म्हणून आमचा माणूस मध्येच कॅमेऱ्यासमोर येऊन टाळी वाजवतो, कृपया हसू नका, ते कामाचं आहे.

माणसाच्या कानाची गंमत अशी की आवाज उशिरा आला तर तो चालवून घेतो पण आधी आला की लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकड्यांत दिलंय, आवाज 45 मिलिसेकंद पुढे असला की जाणवतो, मागे असेल तर साधारण 125 पर्यंत खपून जातं. सवयच तशी आहे आपल्याला, हॉलमध्ये 35 मीटर मागे उभ्या माणसाला आवाज एक दशांश सेकंद उशिराच पोचतो. एडिट करताना शंका आलीच तर आम्ही आवाज किंचित मागे ठेवतो, पुढे कधीच नाही.

फाइल चालवताना फोन किंवा टीव्ही काय करतो, तर प्रत्येक फ्रेमवर आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का असतो तो बघत जातो, आणि बहुतेक वेळा आवाजाला धरून चित्र हाकतो, कारण आवाज तुटला की लगेच कळतं, एखादी फ्रेम गळली तर कोणाच्या बापाला समजत नाही. जुन्या लॅपटॉपवर 4के लावलं की आवाज नीट आणि चित्र धक्के खातं ते यामुळे.

तक्रार करायच्या आधी एक करा, ब्लूटूथ स्पीकर काढून टीव्हीच्याच स्पीकरवर लावून बघा. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, फिल्म बरोबरच असते. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिलेचा ऑप्शन असतो, नाही सापडला तर फोन करा.

पाठवणं आणि लाइव्ह

व्हॉट्सॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला की ते स्वतः परत कॉम्प्रेस करतं, आणि पहिला बळी अक्षतांचाच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. गूगल ड्राइव्हची लिंक दिली असेल तर तिथेच प्ले करून "धूसर आहे" म्हणू नका, तो प्रीव्ह्यू असतो, डाउनलोड करून बघा.

लग्न नेटवरून लाइव्ह दाखवताना व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून सर्व्हरवर ठेवतात, एकेक तुकडा दोन-तीन क्वालिटीत, आणि बघणाऱ्याचा फोन आपल्या नेटप्रमाणे पुढचा तुकडा उचलतो. मध्येच चित्र धूसर होऊन परत साफ होतं ते याच्यामुळे, आमचा फोकस गेलेला नसतो. फोन दोन-चार तुकडे आधी साठवून मग चालवतो, त्यामुळे अमेरिकेतल्या काकांना अंतरपाट वीस-तीस सेकंद उशिरा सरकताना दिसतो, तोवर इकडून कोणीतरी फोनवर "झालं लग्न" सांगून मोकळं झालेलं असतं! त्याला इलाज नाही. इलाज आहे तो हॉलच्या नेटला. डाउनलोड नाही, अपलोड स्पीड विचारा, आम्हाला सलग निदान 8-10 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतं, आणि वायर मिळाली तर फारच उत्तम, कारण पाचशे पाहुणे आले की वायफायचं काय होतं ते आम्ही बघत आलोय.

अजून एक. मोबाइलवर शूट करताना बॅटरी संपून फोन बंद पडला आणि फाइल उघडेना, तर ती डिलीट करू नका. सुरुवातीला म्हटलं ती, कुठल्या क्षणाला काय दाखवायचं याची यादी बऱ्याच वेळा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते, ती राहून गेली की आतला माल असूनही डबा उघडत नाही. त्याच फोनवर त्याच सेटिंगने काढलेली दुसरी चांगली फाइल असेल तर तिच्यावरून पुष्कळदा दुरुस्त होते, दोन्ही घेऊन या.

पेनड्राइव्ह ही कायमची तिजोरी नाही, एक कॉपी हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. आमच्याकडे कच्चं फुटेज डिलिव्हरीनंतर 6 महिने असतं, नंतर जागा करावी लागते.

आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल तर उशीर नको. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली, आता आहेत त्याच मशीन दुरुस्त करून चालवायच्या. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीन तासच लागतात, त्यात घाई होत नाही. कोकणातल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते, कॅसेटच्या काचेच्या खिडकीतून दिसते ती, तशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, टेपही जाते आणि व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भागही, तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा.