पिंडाश्म

पिंडाश्म : झिजून गोलसर झालेले गोटे वाळू-चिखलात रुतून, चुना, सिलिका किंवा लोह-ऑक्साइडाने सांधले गेल्यामुळे बनलेला गाळाचा खडक. गोट्यांचा आकार २ मिमी.पेक्षा मोठा असावा लागतो. तुकडे अणकुचीदारच राहिले असतील, तर त्या खडकाला कोणाश्म म्हणतात.

सह्याद्रीत काळ्या दगडातले पांढरे गोल पाहून गोट्यांचा खडक सापडल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. तो बहुधा कुहरी बेसाल्ट असतो. लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट वा क्वॉर्ट्झ यांसारखे खनिज साचलेले असते. भिंगाखाली अशा गोलात कडेकडून आत वाढलेले स्फटिक दिसतात. पिंडाश्मातला गोटा मात्र स्वतःच खडकाचा तुकडा असतो, आणि त्याला खेटून असलेला गोटा कित्येकदा दुसऱ्याच खडकाचा. कच्च्या पिंडाश्मावर हातोडा मारला की गोटा निसटून खळगा उरतो. सिलिकेने घट्ट झालेल्यात भेग थेट गोट्यातून जाते.

गोटे पाण्याने आणले की बर्फाने, हा प्रश्न तालचेर गोटाथराबाबत (गोटे-धोंडे असलेल्या थराबाबत) विशेष गाजला. ओडिशातील तालचेर कोळसाक्षेत्राच्या १८५६ मधील वर्णनात ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी बारीक गाळात विखुरलेल्या मोठ्या धोंड्यांचा संबंध बर्फाशी जोडला. एवढे धोंडे वाहून नेणाऱ्या प्रवाहात बारीक गाळ टिकणार नाही, ही धोंडे पाण्याने आणले असे मानण्यातली अडचण होती. पुढे भूवैज्ञानिक फेडन यांना चंद्रपूर परिसरात इरईजवळ या थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला व ओरखड्यांनी भरलेला आढळला. तरीही त्यांच्या १८७५ च्या लेखात भर होता तो पाण्याच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फावर. हिमनदीचे मत नंतर रूढ झाले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या या थराचा बराच भाग हिमनदीने आणलेला, पण पाण्यात पुन्हा साचलेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गोटे गाळात सुटेसुटे असल्याने काही अभ्यासक त्याला पिंडाश्म म्हणतच नाहीत.

प्रवरा व गोदावरीच्या काठी चुन्याने सांधलेले बरेच अलीकडचे गोटाथर आहेत. नेवासे येथे त्यांत पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. मध्य प्रदेशातील पन्ना भागात हिरे देणारा पिंडाश्म आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडचे सोने १८८६ पासून याच खडकातून काढतात. ते गोट्यांबरोबर वाहून आले की उष्ण द्रावांतून मागाहून साचले, याविषयी मतभेद आहेत.