एक पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे

हिंजवडीत आज जिथे ट्रॅफिकमध्ये अर्धा तास जातो तिथे नव्वदच्या दशकापर्यंत शेती होती, हे तिथला कुठलाही जुना माणूस सांगेल. पण नक्की किती गेली, कधी गेली आणि तिच्या जागी काय आलं असं विचारलं की गाडी "लई होती हो" वर थांबते. जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे एकावर एक ठेवून जमीन तपासण्याचं, काम इथून सुरू होतं.

अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून वरून फोटो काढतायत आणि २००८ पासून तो सगळा जुना साठा फुकट मिळतो, त्यामुळे घरचा लॅपटॉप, क्यूजीआयएससारखं फुकट सॉफ्टवेअर आणि थोडा पेशन्स असला की कोणीही आपल्या तालुक्याचा तीसेक वर्षांचा इतिहास काढून बघू शकतो. १९८४ च्या लँडसॅट ५ चा एक पिक्सेल, म्हणजे फोटोतला सगळ्यात लहान ठिपका, जमिनीवर ३० बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास ९ गुंठे. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेतलं सगळ्यात मोठं शेततळंही ३० बाय ३० चंच होतं, म्हणजे अख्खं तळं फार तर एका ठिपक्याएवढं, आणि ते ठिपक्यांच्या सीमेवर आलं तर धड पाणी नाही धड शेत नाही असे दोन-चार ठिपके दिसणार. युरोपच्या सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा आहे, जवळपास एक गुंठा, पण तो २०१५ पासूनचाच, त्याआधीचं बघायचं तर नऊ गुंठ्यांवरच भागवायचं.

आता कॉम्प्युटरला शेत कसं कळतं? हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं. परत आलेला निअर इन्फ्रारेड वजा परत आलेला लाल, भागिले दोघांची बेरीज, झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ मोजायचा आकडा. जास्त आला तर झाडोरा, शून्याच्या आसपास माती-सिमेंट, पाण्याचा बहुतेक वेळा शून्याखाली.

सोपं वाटतं ना? नवशिके इथेच फसतात. १९९५ चा फोटो नोव्हेंबरचा आणि २०२० चा एप्रिलचा घेतला तर निम्मा जिल्हा "उजाड" झालेला दिसेल, प्रत्यक्षात फक्त ज्वारी काढून झालेली असते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, उन्हाळ्यात नांगरून ठेवलेलं कोरडं रान आणि बांधकाम कॉम्प्युटरला सारखंच वाटतं, म्हणून दोन्ही फोटो एकाच महिन्याचे घ्यायचे. आणि या फोटोंवरून केलेले दोन्ही नकाशे प्रत्येकी ८५ टक्के बरोबर असले तरी एकावर एक ठेवल्यावर ढोबळमानाने ७२ टक्केच भरवसा उरतो, कारण ०.८५ गुणिले ०.८५. "अमुक टक्के शेती घटली" अशी बातमी वाचताना मी तरी आधी नकाशे किती टक्के बरोबर आहेत हे शोधतो, आणि बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं.

पण माझ्या मते खरी गोची वेगळीच आहे. उपग्रहाला जमिनीवर काय आहे ते दिसतं, माणूस तिचं काय करतो ते दिसत नाही. सोलापूरकडची माळरानं घ्या. नकाशावर विरळ गवत, म्हणून सरकारी वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये अशी बरीच जमीन पडीक, आणि पडीक म्हटलं की सोलर लावा नाहीतर खड्डे खणून झाडं लावा. तिथे मेंढरं चारणारा धनगर, लांडगा, माळढोक, कोणीच त्या रंगात नाही.

उलटं पण होतं. पुण्याच्या आसपास कुठेही जा, रस्त्याकडेच्या शेताला तारेचं कंपाऊंड, आत आखलेले दगड आणि बाहेर "एनए प्लॉट विकणे आहे" ची पाटी. औत बंद होऊन वर्षं झाली, सातबाऱ्यावर नावं बदलली, पण आत पावसाळ्यात मस्त गवत माजतं आणि एनडीव्हीआय चांगला येतो. नकाशावर ते अजूनही शेतच आहे.