डावविश्लेषण, संगणकाच्या साहाय्याने

डावविश्लेषण (बुद्धिबळ) : खेळून झालेला डाव पहिल्या चालीपासून पुन्हा मांडायचा आणि चूक कुठे झाली, किती महाग पडली व मुळात का झाली हे शोधायचे, या अभ्यासाला डावविश्लेषण म्हणतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता संगणक काही सेकंदांत देतो. तिसऱ्याचे उत्तर खेळाडूलाच शोधावे लागते, आणि खरी प्रगती त्या तिसऱ्यावर अवलंबून असते.

ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. डाव संपला की दोघे प्रतिस्पर्धी तिथेच पट मांडून बसतात. ‘इथे उंट का नाही मारलास?’ असे एकमेकांना विचारतात, ही पद्धत आजही टिकून आहे. माजी विश्वविजेते मिखाईल बोट्विनिक यांचा आग्रह असे, की आपल्या डावांचे विश्लेषण खेळाडूने छापून प्रसिद्ध करावे, म्हणजे त्यातल्या चुका इतरांना दाखवता येतील. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या आयबीएमच्या यंत्राने तेव्हाचा विश्वविजेता गॅरी कास्पारॉव्हला ३.५–२.५ असे हरवले. त्या वेळी असे यंत्र म्हणजे महासंगणक होता. आज त्याहून बलवान इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम, शाळकरी मुलाच्या मोबाइलवर चालते. २००८ साली आलेले आणि सर्वांना मोफत असलेले स्टॉकफिश हे त्यांतले सर्वांत परिचित. २०२० मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून, त्यात चेताजालावर (न्यूरल नेटवर्क) आधारलेले मूल्यमापन आले आणि त्याची ताकद आणखी वाढली.

इंजिन पुढच्या चालींच्या असंख्य शाखा तपासते आणि प्रत्येक स्थितीला एक आकडा देते. अधिक चिन्ह असेल तर पांढऱ्याची बाजू वरचढ, उणे असेल तर काळ्याची. +१.०० म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी, हा जुना हिशेब. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून (२०२२) त्याचा अर्थ बदलला. इंजिन स्वतःशीच खेळले तर त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा तो आता घेतात. एखाद्या चालीनंतर आकडा ती खेळणाऱ्याच्या दृष्टीने एकदम घसरला, की ती चूक. तिच्या तीव्रतेप्रमाणे चालीपुढे ?!, ? किंवा ?? अशी खूण पडते. दोन प्रश्नचिन्हांच्या चुकीला मराठीत ‘घोडचूक’ हा चपखल शब्द आधीपासूनच आहे. आकड्याची घसरण मात्र स्थिती पाहून वाचावी लागते. +९ वरून +६ वर येणे म्हणजे जिंकलेला डाव जिंकलेलाच राहणे, +०.५ वरून –२.५ म्हणजे डाव हातचा जाणे. घसरण दोन्हीकडे तीनचीच आहे.

सर्वाधिक वेळ द्यायचा तो इंजिन सुरू करण्यापूर्वी. आधी डाव एकट्याने पाहावा. कोणत्या चालीला काय विचार केला होता, कशाची भीती वाटली, घड्याळात किती वेळ उरला होता, हे आठवून वहीत लिहावे. मगच इंजिन लावावे. उलट केले, की इंजिनची चाल दिसताच ‘हो, हे मला कळतच होते’ असे वाटू लागते आणि मूळ विचार कायमचा पुसला जातो. विश्लेषण वाया जाते ते बहुतेक याच ठिकाणी.

प्रसिद्ध उदाहरण नोव्हेंबर २००६ मधले, बॉन येथील. विश्वविजेता व्लादिमीर क्रामनिक डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी दुसरा डाव खेळत होता. स्थिती बरोबरीची होती. ३४व्या चालीत त्याने वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीत एच७ घरात वजिराने मात झाली. इंजिन इथे ‘एका चालीत मात’ एवढेच सांगेल. शिकण्यासारखे आहे ते वेगळेच: एच७ वरच्या वजिराला जोर होता एफ८ वरच्या घोड्याचा. पुढे, शेवटच्या रांगेत पोचलेला घोडा मागच्या घरांवरही मारा करतो, हे चटकन नजरेत भरत नाही. ज्याच्या वहीत ‘घोड्याची मागची उडी दिसली नाही’ अशी नोंद तीन डावांत तीनदा सापडते, त्याला पुढच्या आठवड्यात कोणती कोडी सोडवायची हे निराळे सांगावे लागत नाही.

चुकांची प्रतवारी म्हणूनच कारणांवरून करावी. प्रतिस्पर्ध्याची चाल पाहिलीच नाही, पाहिली पण हिशेब एक चाल आधी थांबवला, हिशेब बरोबर पण शेवटच्या स्थितीचा अंदाज चुकला, स्थितीची माहितीच नव्हती, वेळेच्या तंगीत हात चालला: प्रत्येकावर उपाय वेगळा. ओपनिंगमधली (डावाच्या सुरुवातीची) चूक जुन्या डावांचा डेटाबेस उघडून पाहिली की मिटते. वेळेची तंगी तशी मिटत नाही. आधीच्या कोणत्या साध्या चालीवर वीस मिनिटे गेली ते पाहावे लागते. एका डावातून दोन-तीन गोष्टी निघाल्या तरी पुष्कळ. ०.३ च्या फरकांमागे लागण्यात नवोदितांनी वेळ दवडू नये.

२०१० पासून चालणाऱ्या लिचेस या मोफत संकेतस्थळावर विश्लेषणानंतर आपल्याच चुकीची स्थिती कोड्यासारखी समोर ठेवून अधिक चांगली चाल शोधायला सांगण्याची सोय आहे. उत्तर आयते न मिळता शोधावे लागते, म्हणून ती उपयोगी. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की सिझिजी कोष्टके (अशा सर्व स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) निकाल अचूक सांगतात. तिथे अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. इतरत्र मात्र ०.०० हा आकडा फसवा असतो. त्या बरोबरीसाठी एका बाजूला सलग सहा वेळा एकमेव चाल शोधावी लागत असेल, तर माणसासाठी ती स्थिती हरण्याजोगीच आहे. डाव चालू असताना इंजिनची मदत घेणे ही उघड फसवणूक आहे, आणि स्पर्धेच्या खोलीत मोबाइलला म्हणूनच बंदी असते.

पुण्यासारख्या शहरात या अभ्यासाला जाणकारांची उणीव नाही. भारताचे चौथे ग्रँडमास्टर (२०००) अभिजित कुंटे पुण्याचे. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते. २००९ ची कनिष्ठ गटातील जगज्जेती सौम्या स्वामिनाथन हीसुद्धा पुण्याची. ऑक्टोबर २०१४ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धा इथे झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये महिला ग्रांप्रीचा टप्पा, जो कोनेरू हंपीने जिंकला.

मुलांची अडचण वेगळीच. सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या स्पर्धा बहुधा रॅपिड (कमी वेळाच्या), स्विस लीग (हरल्यावरही बाद न होणाऱ्या) पद्धतीच्या असतात, आणि रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते. सहा-सात फेऱ्या होतात, गुणतक्ता उरतो, डाव मात्र उरत नाहीत. पालकांनी अशा वेळी निकालाची चौकशी बाजूला ठेवावी आणि मुलाला शेवटचा तरी डाव घरी पटावर आठवून मांडायला सांगावे. पंधरा-वीस चाली आठवतात, मग एका ठिकाणी हात थांबतो. विश्लेषण तिथून सुरू करावे, कारण पटावरची स्थिती मुलाच्या हातून सुटली ती बऱ्याचदा तिथेच.