एकलहरे: 630 जाऊन 660 येण्यामागचं गणित

नाशिकमध्ये एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की बोलणं मेगावॉटपाशी येऊन थांबतं. 1970-71 मधले 140 मेगावॉटचे दोन वीजनिर्मिती संच केव्हाच निकालात निघाले. 1979 ते 1981 या काळात आलेले 210 चे तीन संच, म्हणजे एकूण 630 मेगावॉट, उरले आणि त्यांचंही आता वय झालं आहे. त्यांच्या बदल्यात 660 चा एक संच द्या, ही मागणी वर्षानुवर्षं कागदावर आहे. 630 जाऊन 660 येणार, म्हणजे नाशिकचा फायदाच, असं ऐकणाऱ्याला वाटतं. वीजयंत्रणेच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे लोक मात्र इथे थांबत नाहीत. ते विचारतात, संच बंद पडला तर काय?

हा प्रश्न जुना आहे. विजेच्या सुरुवातीच्या दशकांत राखीव क्षमता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त ठेवायची निर्मितीक्षमता, अंदाजपंचे ठरत असे. सर्वांत मोठा संच बंद पडला तरी भागलं पाहिजे, किंवा मागणीच्या अमुक टक्के जास्त हाताशी हवी, असे ठोकताळे चालत. 1930 च्या दशकात काही अमेरिकी अभियंत्यांनी त्यात संभाव्यतेचं गणित आणलं आणि 1947 मध्ये ज्युसेप्पे कॅलाब्रेझी यांनी त्याला नीट पद्धतीचं रूप दिलं. प्रत्येक संच बंद असण्याची शक्यता घ्यायची, सगळ्या शक्यतांचं कोष्टक मांडायचं आणि ते रोजच्या कमाल मागणीशी ताडून वर्षात किती दिवस तूट पडेल ते काढायचं. ‘दहा वर्षांत एक दिवस’ हा अमेरिकेतला प्रसिद्ध निकष याच पद्धतीच्या भाषेतला.

हेच कोष्टक एकलहऱ्यासाठी मांडून पाहू. समजा, कुठलाही संच अचानक बंद असण्याची शक्यता 10 टक्के आहे (आकडा हिशेबापुरता, सोपा धरलेला). तिन्ही संच एकाच वेळी चालू असण्याची शक्यता 72.9 टक्के, किमान दोन चालू असण्याची 97.2 टक्के, आणि तिन्ही बंद असण्याची फक्त 0.1 टक्का. आता 660 चा एकच संच घ्या. 90 टक्के वेळ पूर्ण 660, उरलेले 10 टक्के वेळ शून्य. सरासरी काढली तर 594 विरुद्ध 567, म्हणजे मोठा संच सरस. शिवाय तो नव्या तंत्राचा, त्याला युनिटमागे कोळसाही कमी लागतो. पण केंद्र पूर्ण ठप्प होण्याची शक्यता शंभरपट वाढते, आणि सरासरीत ते दिसत नाही. अर्थात तीन संच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे यातलं गृहीतक पावसाळ्यात कोळसा भिजला की गळून पडतं. मग तिन्ही एकदमच आजारी पडतात.

या गणितात वीज वाहून नेणाऱ्या तारा कुठेच नव्हत्या. त्यांची आठवण 9 नोव्हेंबर 1965 ला झाली. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एका वीजवाहिनीचा रिले (बिघाड दिसला की वाहिनी तोडणारं उपकरण) प्रत्यक्ष भार वाहू शकेल त्याहून खालच्या मर्यादेवर लावलेला होता. वाहिनी सुटली, म्हणजे आपोआप बंद झाली, तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही सुटल्या आणि न्यूयॉर्कसह सुमारे 3 कोटी लोक अंधारात गेले. वीजनिर्मिती कमी पडली नव्हती. एक घटक गेला तरी बाकीची यंत्रणा तगली पाहिजे, या ‘एन-1’ निकषाला त्यानंतर वजन आलं. संगणकावर विद्युतभाराचा प्रवाह काढण्याच्या पद्धती याच सुमारास पक्क्या होत होत्या. 1970 मध्ये एमआयटीचे फ्रेड श्वेप्पी यांनी चुका असलेल्या मोजमापांतून संपूर्ण ग्रिडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याची, खरी स्थिती ताडण्याची रीत मांडली. ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या आजच्या भार प्रेषण केंद्रांतले पडदे तिच्यावरच चालतात.

आपल्याकडचा धडा 30 जुलै 2012 चा. पहाटे अडीचच्या सुमारास 400 केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि उत्तर ग्रिड कोसळलं. वाहिनीवर शॉर्टसर्किट झालंच नव्हतं. अशा वाहिनीवरचा डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर बघतो आणि ते फार खाली आलं की बिघाड समजून ब्रेकर उघडतो, म्हणजे वाहिनी तोडतो. त्या रात्री पश्चिमेकडून उत्तरेकडे एवढी वीज ओढली जात होती की करंट चढला, व्होल्टेज पडलं आणि रिलेला निव्वळ भारच बिघाडासारखा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. पश्चिम विभाग वेगळा होऊन तगला, त्यामुळे नाशिककरांना ही बातमी टीव्हीवर बघता आली.

एकलहऱ्याचं खरं महत्त्व तारा आणि व्होल्टेजच्या याच बाजूला आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. महाराष्ट्रात कोळसा पूर्वेला, तर मुंबई-पुण्याची मोठी मागणी पश्चिमेला. म्हणून तर 1999 मध्ये चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे अशी सुमारे 750 किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची) वाहिनी टाकावी लागली. मेगावॉट असे लांबून आणता येतात. व्होल्टेज सावरणारी रिअॅक्टिव्ह पॉवर मात्र लांबचा प्रवास करत नाही, ती जवळच तयार व्हावी लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मोटारी आणि निफाड-दिंडोरीचे कृषिपंप ती सतत मागतात. एकलहऱ्याचे जनरेटर चालू असले की ती जागेवर मिळते. कपॅसिटर बँक किंवा स्टॅटकॉम अशी व्होल्टेज सावरणारी उपकरणं बसवूनही हे काम होतं, आणि जुना जनरेटर कोळशाशिवाय नुसता सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून, म्हणजे मेगावॉट न देता फक्त व्होल्टेज सावरण्यासाठी, फिरवण्याचा मार्ग जगात काही ठिकाणी वापरलाही गेला आहे. त्यामुळे ‘660 की काहीच नाही’ अशी मांडणी अपुरी वाटते.

देशपातळीवरच्या नियोजनात आता तूट पडण्याची शक्यता 0.2 टक्क्याच्या आत ठेवण्याचा निकष आहे. वर्षाच्या 8,760 तासांत हे साधारण साडेसतरा तास होतात. पण हा झाला निर्मितीचा हिशेब. निफाडच्या द्राक्षबागायतदाराची वीज जाते ती बहुतेक वेळा 11 केव्हीच्या तारेवर पडलेल्या फांदीमुळे, नाहीतर डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाल्यामुळे. तिची मोजणी दर ग्राहकामागे वीज किती वेळा आणि किती मिनिटं गेली या वेगळ्या निर्देशांकांत होते, आणि एकलहऱ्यात 210 चे तीन फिरोत की 660 चा एक, ते आकडे जवळपास तेच राहतात.