गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया : हस्तिदंती बिजागरीपासून रोबोटपर्यंत

कोल्हापुरात हाडांच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बसा, एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘डॉक्टर म्हणत्यात, वंगण संपलंय.’ खरं तर झिजते ती कूर्चा, हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. ती जवळजवळ भरून येत नाही.

बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० मध्ये क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने तो प्रयोग फसला. १९५० च्या दशकात वाल्डियस आणि शियर्स यांच्या बिजागऱ्या आल्या, पण त्याही सैल पडत. गुडघा नुसती उघडमीट करत नाही. वाकताना तो घसरतो, थोडा वळतोही. बिजागरीला ते जमेना आणि सगळा ताण हाडावर यायचा.

वाट सापडली ती खुब्यातून. इंग्लंडमध्ये डॉ. चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलताना धातू, प्लास्टिक आणि सांधा हाडाला पक्का बसवणारं सिमेंट यांची सांगड घातली होती. त्यांच्याकडे काम करणाऱ्या गनस्टन यांनी १९६८ मध्ये तीच युक्ती बिजागरीविना गुडघ्यात वापरली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला इन्सॉल, राणावत आणि वॉकर यांच्या रचनेने आजच्या कृत्रिम सांध्याला रूप दिलं. यातले चित्तरंजन राणावत मूळचे मध्य प्रदेशचे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनीच बदलला, पुढच्या वर्षी उजवा. पैशाची अडचण मात्र राहिलीच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले, जीएसटी वेगळा.

नुसत्या एक्स-रेवर निर्णय होत नाही. गोळ्या, व्यायाम, वजन कमी करणं हे सगळं करूनही रात्री झोपमोड होत असेल, घरातल्या घरात चालणं जड जात असेल, तर वेळ आली समजावं. पन्नाशीच्या आतला, पाय बाहेर वाकलेला आणि अजून उसाच्या फडात राबणारा माणूस असेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करणं बरं. एकच बाजू झिजली आणि आतले अस्थिबंध शाबूत असतील, तर अर्धा गुडघा बदलता येतो. सगळाच खराब असेल तर पूर्ण. रोबोटने काप अचूक बसतो, पण त्याने सांधा जास्त वर्षं टिकतो असं अजून ठाम सिद्ध झालेलं नाही. झिजेसाठी दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ घेण्याच्या भानगडीत पडू नये. लटक्या, म्हणजे नुसत्या वरवर चिरा दिलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होत नाही, हे २००२ मध्येच अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं.

बदललेला गुडघा बहुतेकांना पंधरा वर्षांहून जास्त साथ देतो. मांडी घालून पंगतीला बसणं मात्र बहुधा सुटतं, हे आधीच विचारून घ्यावं.