दिवेलागणीची बावीस मिनिटं

रावेरजवळच्या केळीच्या बागेत रात्रीचा सीन घ्यायचा होता. नट कंदील घेऊन बागेत शिरतो, एवढाच. पहिल्यांदा आम्ही खरंच रात्री नऊला कॅमेरा लावला. हाती आला निव्वळ काळोख आणि त्यात तरंगणारा पिवळा ठिपका. बाग कुठे गेली, कळेना.

पडद्यावरची रात्र दिवेलागणीला टिपायची असते. सूर्य मावळला तरी वरच्या हवेवर त्याचं ऊन पडत असतं, आणि ती हवा ते विखरून खाली पाठवते. निरभ्र आकाशात सूर्यास्ताला साधारण 400 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश गेला की उरतात 3-4 लक्स. पौर्णिमेचं चांदणं मात्र पाव लक्सच्या आसपास!

लंडनला जूनमध्ये ही उतरण जवळपास पाऊण तास चालते. आपल्या खानदेशात, 21 अंश अक्षांशावर, सूर्य बराच सरळ खाली जातो आणि 22 ते 24 मिनिटांत सगळं आटोपतं. म्हणजे सरासरी दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा. लवकर घेतलं तर कंदील पेटलेलाच वाटत नाही, उशीर केला तर आभाळ बुडतं. दोघांचं जमतं ते मधल्या मोजक्या मिनिटांत.

त्या वेळची निळाई मला फार मोलाची वाटते. तिचं श्रेय नुसत्या प्रकाशाच्या विखुरण्याला नाही. तिरपे किरण ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करतात आणि ओझोन त्यातला पिवळा-नारंगी भाग शोषून घेतो. सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावरच्या आभाळाच्या निळ्या रंगात ओझोनचा वाटा मोठा असतो, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी 1953 मध्ये दाखवलं. शिवाय अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग विझल्यासारखा आणि निळा उजळ दिसतो. म्हणून निळसर चित्र मनाला लगेच रात्र वाटतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सोय, 3200 केल्विनला (बल्बच्या पिवळसर उजेडाला) ठेवला आणि एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप उतरवलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), की हीच निळाई गडद होते आणि कंदील पिवळाच राहतो.

दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. केळीच्या पानांखाली अंधार आधी दाटतो, म्हणून बाग आधी, मग मोकळं रान, शेवटी तापीकाठ. तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने पाहिलं तर पाणी मावळतीचं आभाळ धरून ठेवतं.

धुळ्याकडचा नट सारखा विचारत होता, "दादा, मन्हं तोंड दिसस का?" दिसत होतं. तेवढ्यात वात चढली, काच काजळली. ती पुसून होईपर्यंत उजेड निम्मा झाला होता.